स्ट्रक्टवर सरसकट पॅकिंग लावणं बंद करा

केळीपट्टा_फर्मवेअर: रावेर-यावलकडे केळीच्या ड्रिपसाठी ओल मोजणारे नोड बनवतो आम्ही. नवीन पोरगा आला की प्रत्येक हेडर फाइलच्या डोक्यावर प्रॅग्मा पॅक १ टाकून मोकळा, म्हणजे सी मधल्या स्ट्रक्टच्या (एकत्र बांधलेल्या व्हेरिएबलांच्या) मधे रिकामे बाइट सोडू नको असं कंपायलरला सांगणारं डायरेक्टिव्ह. काबरं? एक बाइट, मग चार, मग परत एक असे मेंबर ठेवले तर ३२-बिट चिपवर मधले रिकामे बाइट (पॅडिंग) धरून १२ बाइट जातात, चारवाला वर घेतला की ८ च. डायरेक्टिव्ह लागलंच नाही.

भुसावळ_सी: पटलं नाही भो. शेतातला नोड ८-बिट एव्हीआर चिपवर, त्याचा रेडिओ संदेश घेणारा गेटवे ३२-बिट ईएसपी३२ चिपवर. पाठवायच्या स्ट्रक्टमधे नोड नंबर एक बाइट, वेळ चार, ओल दोन, एव्हीआरवर ७ बाइट कारण तिथं पॅडिंगच नसतं, अन् ईएसपीवर १२. क्रम बदलला तरी तिकडे ८ होतात. पॅक नाही केलं तर वेळेच्या जागी ओलीचे बाइट वाचत बसाल.

केळीपट्टा_फर्मवेअर: रेडिओवर जाणारा स्ट्रक्ट पॅक करा ना, त्याला कोण नाही म्हणतंय! पण हेडरमधे पॅकिंग चालू करणाऱ्या पुशनंतर ते परत बंद करणारा पॉप राहिला की त्याच्या खाली इन्क्लूड झालेल्या सगळ्या हेडरचा लेआउट बदलतो, एका फाइलला तोच स्ट्रक्ट ६ बाइटचा दिसतो, दुसरीला १२ चा, कंपायलर गप्प, लिंकर गप्प, आणि शेतात भलताच व्हॉल्व्ह उघडतो. जीसीसी कंपायलर असेल तर ॲट्रिब्यूट पॅक्ड त्या एकाच स्ट्रक्टला लावा.

धुळे_एआरएम: अन् पॉइंटरचं काय? पॅक्ड मेंबरचा पत्ता साध्या इंट पॉइंटरमधे घेतला आणि तो चारच्या पटीत नसला की कॉर्टेक्स एम-झिरो चिपवर सरळ हार्डफॉल्ट, प्रोग्राम तिथंच अडकतो. मेंबर नावाने वाचला तर कंपायलर बाइट बाइट जोडून देतो, पॉइंटरमागे काय आहे ते त्याला माहीत नसतं. लॅपटॉपचा प्रोसेसर असा पत्ता चालवून घेतो, टेस्ट पास होते, तिथंच लोक फसतात. जीसीसी ९ पासून वॉर्निंग येते, ती बंद करू नका, मेमकॉपीने बाइट साध्या व्हेरिएबलमधे उतरवून घ्या.

शिरपूर_जुनाजाणता: मी तर म्हणतो पॅक्डच नको, शिफ्ट करून बाइट हाताने भरा. मॉडबस (यंत्रांची आपसातली संदेशपद्धत) रजिस्टरचा मोठा बाइट आधी पाठवतं, आपली चिप छोटा आधी ठेवते, हे पॅकिंगने सुटणार आहे का?

भुसावळ_सी: सगळे मेंबर हाताने भरायचे म्हणजे चुकायला जागाच जागा. आमची दोन्ही टोकं लिटल एंडियन, म्हणजे छोटा बाइट आधी ठेवणारी आहेत. पॅक्ड ठेवतो अन् खाली स्टॅटिक असर्ट, साइझ ७ नसेल तर बिल्डच होऊ नये. सी११ पासून आहे ते.

शिरपूर_जुनाजाणता: साइझ ७ च राहते अन् दोन मेंबरांची जागा बदललेली असते, तुझा असर्ट हसत पास होतो. ऑफसेटऑफवर (मेंबर कितव्या बाइटला सुरू होतो त्यावर) पण लाव, मग बोलू.