लायबेरियाचं ब्रीदवाक्यच बघा
"स्वतः गुलामी भोगलेली माणसं स्थानिकांना कशाला दाबतील?" असं पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाबद्दल विचारलं जातं, कारण हा देश वसवला तो अमेरिकेतून आलेल्या कृष्णवर्णीयांनी, त्यातले बरेच गुलामीतून सुटलेले. लायबेरियाचं ब्रीदवाक्य आहे: 'स्वातंत्र्याच्या ओढीनं आम्हाला इथं आणलं.' यातले 'आम्ही' म्हणजे अमेरिकेतून जहाजानं आलेले. क्रू, ग्रेबो, क्पेले या जमाती आधीपासून तिथल्याच, त्यांना कोण कुठून आणणार? १८२१ मध्ये या लोकांच्या वस्तीसाठी तिथल्या किनाऱ्यावरची केप मेसुराडोची जमीन बंदुका, मणी, तंबाखू, रम असल्या मालावर घेतली. तीही पिस्तुलाच्या धाकावर, असं सांगतात. १८४७ ला देश स्वतंत्र झाला, पण मूळ रहिवाशांना नागरिकत्व मिळालं थेट १९०४ मध्ये! कहर म्हणजे १९३० च्या राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्स) चौकशीत निघालं, की गावागावांतून जबरदस्तीनं धरलेले मजूर फर्नांडो पो या तेव्हा स्पेनच्या ताब्यातल्या बेटावरच्या मळ्यांवर धाडले जात होते. लायबेरियाचे राष्ट्राध्यक्ष किंग यांना त्यापायी खुर्ची सोडावी लागली.