दोन सशांसाठी घरात पिंजरा घ्यायचाय, माप किती ठेवू?

ठाणेकर_आई
नमस्कार. मुलीच्या हट्टापायी सशाची दोन पिल्लं आणली. एक पांढरं, लाल डोळ्यांचं आणि एक करडं. दुकानदाराने सोबत दोन फूट बाय दीड फुटाचा पिंजरा दिला. तळाला तारेची जाळी आणि तिच्याखाली ट्रे. "हाच कायम पुरेल" म्हणाला. आता पिल्लं तीन महिन्यांची झालीत आणि आताच वळताना एकमेकांच्या अंगावर चढतात. रात्री गज कुरतडण्याचा आवाज थांबत नाही. मला ते ऐकवत नाही.

आमचं वन बीएचके आहे. सोफा सरकवला तर हॉलच्या कोपऱ्यात सहा फूट बाय चार फूट जागा निघेल. ऑनलाइन एक तीन मजली पिंजरा दिसतोय, अडीच फूट लांब, जागा कमी खातो. सासूबाई म्हणतात बाल्कनीत ठेवा म्हणजे वास येणार नाही. काय करू?

गोधडी
तीन मजली नको. ससा म्हणजे खार नव्हे, त्याला चढायचं नसतं, पळायचं असतं. आमच्याकडे मैत्रिणीचा असा पिंजरा काही दिवस होता. ससा दिवसभर खालच्याच मजल्यावर बसून असायचा, वर फक्त गवत खायला जायचा.

चिंचवडचा_जाळीवाला
ताई, आमचं ग्रिल आणि खिडक्यांचं वर्कशॉप आहे. घरी ससे आहेत आणि ओळखीतल्या बऱ्याच घरांना सशांचं कुंपण करून दिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तो पांढरा. लाल डोळ्यांचा पांढरा ससा आपल्याकडे बहुतेक वेळा न्यूझीलंड व्हाइट जातीचा किंवा तिच्या संकराचा असतो. ही जात पूर्ण वाढली की चार ते पाच किलोची होते. दुकानात तळहातावर मावतो म्हणून लोक छोटा पिंजरा घेतात. माप आजच्या पिल्लाचं घेऊ नका, सात-आठ महिन्यांनी जो ससा होणार आहे त्याचं घ्या.

माझ्याकडे कोणी आलं की मी टेप काढायच्या आधी तीन गोष्टी विचारतो. ससा पाय मागे ताणून आडवा पसरला तर कुठेही टेकायला नको. मागच्या पायांवर उभा राहिला तर ताठ कान छताला लागायला नकोत. आणि सलग तीन उड्या मारता आल्या पाहिजेत. मोठ्या सशाची एक उडी दोन फुटांच्या आसपास जाते, म्हणजे सहा फूट लांबी ही अगदी कमीत कमी. तीन मजली पिंजरा इथेच नापास होतो. मजले कितीही चढवा, लांबी अडीच फूटच राहते, एक उडी मारली की समोर गज. तीन मजल्यांचे चौरस फूट एकत्र करून "प्रशस्त" म्हणून विकतात, त्याला भुलू नका.

ब्रिटनमधली रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड ही संस्था दोन सशांसाठी ३ मीटर बाय २ मीटर आणि १ मीटर उंच एवढी सलग जागा सांगते, तीही चोवीस तास खुली. म्हणजे साधारण दहा फूट बाय साडेसहा फूट. वन बीएचकेत ते कुठून आणणार, मला कळतं. पण तुमच्याकडे सहा बाय चार आहे, तेवढं पूर्ण द्या आणि रोज सकाळ-संध्याकाळ हॉल मोकळा करून द्या. ससे पहाटे आणि दिवेलागणीला सगळ्यात जास्त धावतात, भर दुपारी झोपतात. त्यामुळे वेळ जुळवणं अवघड नाही.

पिंजरा घेऊच नका, कुंपण करा. कोपऱ्याच्या दोन भिंती तुम्हाला फुकट मिळतायत, उरलेल्या दोन बाजूंना दोन-दोन फुटांच्या पाच जाळ्या लागतील. लांबीला तीन, रुंदीला दोन. बिजागरीने जोडल्या की घडी होते, केर काढताना बाजूला करता येतात. उंची तीन फूट. अडीच फुटांवरून उडी मारणारे ससे मी पाहिलेत. जाळी वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्डिंगने जोडलेली, एक इंच बाय एक इंच. दोन इंची स्वस्त पडते, पण तिच्यात पिल्लाचं डोकं अडकतं.

तळाची तारेची जाळी मात्र आजच काढा. कुत्र्या-मांजरांसारख्या गाद्या सशाच्या पायाला नसतात, फक्त केस असतात. त्याला उलटा न धरता मांडीवर घ्या आणि मागच्या पायाची टाच बघा. केस विरळ होऊन गुलाबी कातडी दिसत असेल तर सुरुवात झालीय. पुढे तिथे जखम होते, ती चिघळते आणि बरी व्हायला फार वेळ लागतो. जाळी निघत नसेल तर कुंपण होईपर्यंत वर जाड सतरंजी अंथरा.

नुसती फरशीही चालत नाही. गुळगुळीत टाईल्सवर त्यांचे पाय फाकतात. सुती सतरंजी, जुनी गोधडी, पायपुसणी, काहीही चालेल. मुलांच्या खेळायच्या फोमच्या रंगीत चटया टाळा, त्या कुरतडून पोटात जातात.

वऱ्हाडी_पाहुणा
बाल्कनीबद्दल नागपूरहून सांगतो. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता मुख्यतः कानांतून बाहेर पडते. तिशीपुढे पारा गेला की त्याला त्रास व्हायला लागतो आणि आमच्याकडे मे महिन्यात ४५ बघायला मिळतात. आमचे ससे उन्हाळाभर कूलरच्या खोलीत असतात. तुमच्या ठाण्यात हवा दमट, तिथे कूलरचा उपयोग नाही. पंखा ठेवा (झोत थेट अंगावर नको) आणि बर्फ केलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून आत ठेवा, ते स्वतःच येऊन टेकून बसतात. तोंड उघडं टाकून धापा टाकत असेल तर थांबू नका. कान साध्या पाण्याने ओले करा, बर्फाच्या पाण्याने नाही, आणि तडक डॉक्टरकडे न्या.

पावसाळ्यात बाल्कनीत माशांचा धोका वेगळाच. मागची बाजू ओली, घाण राहिली की माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या पडतात. जीव जातो त्यात.

ठाणेकर_आई
खूप आभार. करड्याच्या टाचेचे केस खरंच विरळ झालेत. जाळीवर लगेच चादर घातली. बाल्कनी रद्द, सासूबाईंनाही वाचून दाखवलं. पण वासाचं काय? आणि दुकानदार दोन्ही माद्या म्हणाला होता, त्यावर आता माझा विश्वास नाही.

चिंचवडचा_जाळीवाला
विश्वास ठेवूच नका, पिल्लांचं लिंग दुकानात सर्रास चुकतं. सशांचा अनुभव असलेल्या डॉक्टरकडून या आठवड्यातच तपासून घ्या. नर-मादी निघाले तर आजपासून वेगळे. गाभण राहिली की महिन्याभरात पिल्लं होतात, आणि व्यायल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. दोन नर असतील तर वयात आल्यावर भयंकर भांडतात. नसबंदी हाच उपाय, आणि नराची झाल्यावरही चारेक आठवडे तरी मादीजवळ सोडायचं नाही. म्हणून फॅब्रिकेटरला सहावी जाळी चार फुटांची करायला सांगा. ती मध्ये आडवी टाकली की दोन भाग होतात आणि दोघं एकमेकांना बघत, हुंगत राहतात. एकदम वेगळ्या खोलीत ठेवले तर पुन्हा जमवणं कठीण जातं. एवढ्या दिवसांपुरतं मात्र दोघांना आळीपाळीने हॉलमध्ये जास्त वेळ सोडा, कारण तीन फुटांच्या कप्प्यात लांबी उरत नाही.

वास मुताचा असतो, लेंड्यांना जवळजवळ नसतो. ते मुतायला एक कोपरा स्वतःच निवडतात. तिथेच पसरट प्लास्टिकचं टब ठेवा, खाली कागदाच्या किंवा लाकडाच्या गोळ्या, वर वाळलं गवत. मांजरांची गोळा होणारी वाळू नको. गवत टबातच किंवा अगदी लगत ठेवा, कारण ससा खाता खाता लेंड्या टाकतो. टब रोज रिकामं केलं आणि नसबंदी झाली की घरात आलेल्या पाहुण्याला कळत नाही. मुताचे पांढरे डाग कॅल्शियमचे असतात, टाईल्सवरून व्हिनेगरने निघतात. फरशी संगमरवरी किंवा कोटा असेल तर व्हिनेगर लावू नका, चकाकी जाते.

फॅब्रिकेटरला दोन गोष्टी बजावून सांगा. वेल्डिंगचे टोकेरी थेंब ग्राइंडरने घासून काढायचे, आतल्या बाजूने जास्त काळजीने. काम घ्यायच्या आधी जोडांवरून जुनं सुती फडकं फिरवा, धागा अडकला तर परत घासायला लावा. आणि दाराला कडी एकच असेल तर ती खाली हवी. फक्त वर लावली तर ससा खालून नाक घालून दार ढकलतो, फट पडते आणि तो तिच्यातून निघायला बघतो. जागा असेल तर दोन कड्या लावा.

टेपने कोपरा मोजून भिंतीपासून स्कर्टिंग किती बाहेर आलंय तेही लिहून पाठवा, जाळ्यांची नेमकी मापं काढून देतो.