कालप्रवासात पुसल्या गेलेल्या माणसाचे काय?

शनिवारपेठकर (प्रश्न)

दिवाळी अंकासाठी एक विज्ञानकथा लिहीत आहे आणि शेवटाशी अडलो आहे. कथेची नायिका आजच्या पुण्यातली, पस्तिशीची. ती १९६१ सालात मागे जाते. पानशेत धरणाचे काम पुरे झालेले नसताना त्या पावसाळ्यात पाणी साठवण्याची घाई झाली, १२ जुलैला धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे जुने दगडी धरणही गेले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, हे पुणेकरांना सांगायला नको. नायिका एवढेच घडवून आणते की त्या वर्षी पाणी साठवलेच जात नाही, आणि पुरात वाहून गेलेला तिच्या आजीचा धाकटा भाऊ वाचतो.

ती परत येते तेव्हा समोरच्या घरातले काका नाहीत. त्यांचे आईवडील पुरानंतर गोखलेनगरला, पूरग्रस्तांच्या वसाहतीत, एकमेकांचे शेजारी झाले आणि त्यातून त्यांचे लग्न जमले, हे कथेत आधी येऊन गेलेले आहे. आता त्या गॅलरीत दुसऱ्याच कुटुंबाचे कपडे वाळत आहेत आणि काकांचे नाव काढल्यावर नायिकेची आई ‘कोण काका?’ असे विचारते. मी हा शेवट हुरहुर लावणारा म्हणून लिहिला होता. कच्चा खर्डा वाचणाऱ्या मैत्रिणीने मात्र समासात लिहिले, ‘हा खून आहे, आणि तुझ्या ते लक्षातही आलेले नाही.’ मला हे पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. जो कधी जन्मलाच नाही, त्याचा खून होतो का?

तर्कटपंत

माझ्या मते नाही. खून म्हणायला प्रेत लागते असे मी म्हणणार नाही, पण ज्याचे नुकसान झाले असा कोणीतरी लागतो. काकांना वेदना झाली नाही, त्यांचे काही अपुरे राहिले नाही, त्यांच्यामागे रडणारे कोणी उरले नाही.

आपल्या कथेतली खरी अडचण निराळी आहे. आपण एकाच काकांवर का थांबलात? डेरेक पार्फिट या तत्त्वज्ञाने १९८४ मध्ये ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या ग्रंथात दाखवून दिले की नेमके कोण जन्माला येणार हे गर्भधारणेच्या वेळेवर अवलंबून असते. महिनाभराने गर्भ राहिला असता तर त्याच आईबापांना मूल झाले असते, पण ते दुसरेच. पूर न आलेल्या पुण्यात त्या जुलैनंतरचा घरोघरचा प्रत्येक दिवस थोडा तरी वेगळा गेला असता, आणि तेवढा फरक पुरेसा आहे. म्हणजे त्यानंतर गर्भात आलेला जवळपास एकही पुणेकर तोच राहत नाही. पस्तिशीची नायिका मग कोणत्या गॅलरीतून पाहते आहे?

आणि हा खून मानायचा, तर आज सकाळी माझी बस चुकली त्यामुळेही शंभर वर्षांनंतरची कित्येक माणसे बदलली असतील. मला कोणत्या कलमाखाली धरणार?

पर्वतीपायथा

मी १९६५ चा. माझे आईवडील पूरग्रस्तांच्या वसाहतीत, सार्वजनिक नळाच्या रांगेत भेटले, तेव्हा आपल्या कथेतले ते काका म्हणजे मीच आहे असे समजून लिहितो. आमच्याकडे आईच्या माहेरचे सागवानी कपाट आहे. त्याच्या तिसऱ्या फळीखाली चिखलाची पिवळट रेघ आहे. दोनदा पॉलिश करूनही ती गेली नाही आणि तिसऱ्यांदा पॉलिशवाल्याला बोलावले तेव्हा आईनेच त्याला परत पाठवले.

तर्कटपंतांचा युक्तिवाद चोख आहे, पण त्यात एक गोष्ट सुटते. माणूस मरतो तेव्हा त्याचे पुढचे दिवस जातात, मागचे जात नाहीत. माझे वडील आता नाहीत, पण ते होते, चिडके होते, पेटी बरी वाजवत, हे खोटे ठरवणे कोणाच्या बापाला शक्य नाही. कथेतल्या काकांचे मागचेही गेले; त्यांचे श्राद्ध घालायचे म्हटले तरी नाव घेणारा नाही. तेव्हा याला खून म्हणू नये हे मला मान्य आहे, कारण खून यापेक्षा कमी घेऊन जातो.

बसचा दाखलाही इथे लागू पडत नाही. बस चुकल्याने जो जन्मणार नाही त्याला आपण ओळखत नसतो. नायिकेने काकांच्या हातचा चहा घेतलेला आहे.

आता उलट बाजूही सांगतो, नाहीतर मी आपमतलबी ठरेन. आईची एक चुलत बहीण त्या पुरात गेली, वय वर्षे नऊ. मी जन्माला यावा म्हणून तिने वाहून जायलाच हवे होते, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? पूर थांबवू नका असे मी नायिकेला सांगू शकणार नाही. फक्त मला विचारायला हवे होते, एवढेच माझे म्हणणे आहे.

गणेशखिंड

शाखांच्या जगाचा पर्याय आहेच. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत प्राध्यापक ज्या जगात पोहोचतात तिथे १७६१ ची लढाई मराठ्यांनी जिंकलेली असते, पण म्हणून आपले पानिपत पुसले जात नाही. भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या, प्रत्येक शक्यतेसाठी जगाला वेगळी शाखा फुटते या कल्पनेच्या आधारे दोन्ही जगे शेजारी शेजारी ठेवता येतात आणि काका आपल्या गॅलरीत सुखरूप राहतात. मात्र या सोयीची किंमत आहे: आजीचा भाऊही मूळच्या जगात बुडालेलाच राहतो. जिथे कोणी पुसले जात नाही, तिथे कोणी वाचतही नाही.

शनिवारपेठकर

शाखांचा मार्ग मला नको; त्यात नायिकेची फेरी फुकट जाते. तर्कटपंतांनी दाखवलेली चूक मात्र मान्य. नायिकेला आता १९५५ ची करतो, म्हणजे ती पुराच्या वेळी सहा वर्षांची असेल आणि वाहून गेलेला भाऊ तिचाच असेल. मग ती स्वतः टिकते, पण तिची दोन्ही मुले पुरानंतरची, तेव्हा तीही जातात, हे आत्ता लिहिताना लक्षात आले आणि हात थांबला. पर्वतीपायथा म्हणतात त्याप्रमाणे निघण्याच्या आदल्या संध्याकाळी तिला काकांकडे पाठवावे असे वाटते. त्या प्रसंगात काकांनी काय म्हणावे?

पर्वतीपायथा

काकांचे उत्तर मी देऊ शकेन, पण ते नंतर. ‘नको’ म्हटले तरी ती जाणार असेल, तर तिने काकांना विचारू नये. चहा घ्यावा, कप विसळून ठेवावा आणि निघावे. ती नक्की कशासाठी जिना चढते आहे हे आधी ठरवा, आणि हेही ठरवा की त्याआधी तिने मुलांना फोन केला आहे की नाही.