डोळे झाकून शासकीय? ऑप्शन फॉर्म तरी डोळे उघडून भरा

सांगलीचा मामा
इंजिनीअरिंग प्रवेशाच्या ऑप्शन फॉर्मवर, म्हणजे कॉलेज-ब्रँचचे पर्याय आवडीच्या क्रमानं लिहायच्या फॉर्मवर, परवा एका महाशयांनी लिहिलं, "कॉम्प्युटर हवंय ना? मग डोळे झाकून आधी सगळी शासकीय टाका, मागच्या वर्षीच्या कटऑफच्या क्रमानं. खासगी म्हणजे पैशाचा चुराडा." खाली 'धन्यवाद सर'ची रांग. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

कटऑफच्या क्रमानं फॉर्म भरायचाच कशाला? माझ्या भाच्याचा फॉर्म कॅफेवाल्यानं भरला. म्हणे, "सेफ आधी टाकू, पोरगं लटकायला नको." पहिल्या राउंडला पहिलाच पर्याय मिळाला, सीट आपोआप फ्रीझ, म्हणजे तीच पक्की, पुढचे राउंड बंद. घरात पेढे. आठवड्यानं कळलं, की त्याच्यापेक्षा कमी पर्सेंटाइलचा वर्गमित्र भाच्याला हव्या असलेल्या कॉलेजात गेला. हे कॉलेज याच्या फॉर्मवर सातव्या नंबरला होतं!

वरचे पर्याय नाही मिळाले म्हणून खालच्या पर्यायावरचा हक्क जात नाही. सीट मेरिटनं मिळते, फक्त तुमच्या क्रमानं तपासली जाते. म्हणून जे मनापासून हवं ते वर, मग ते आवाक्याबाहेर का असेना.

आणि 'शासकीय' म्हणजे नक्की काय हो? पुण्याचं सीओईपी २०२२ पासून स्वतःच विद्यापीठ आहे. माटुंग्याचं व्हीजेटीआय आणि आमचं वालचंद अनुदानित. कऱ्हाड शासकीय, पण तिथं आयटी. लोणेरे म्हणजे बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, पण त्याला संलग्न खासगी कॉलेजं राज्यभर. 'लोणेरेची डिग्री' म्हणून लोक भलतीकडेच ॲडमिशन घेऊन बसतात. सगळं एकाच पोत्यात भरून डोळे झाकायला सांगता?

लातूरचा बाप
मामासाहेब, तुमचं शास्त्र बरोबर असेल. पण आमच्याकडं पोत्यात भरायला तूर असते, नोटा नसतात. जवळच्या खासगी कॉलेजची फी लाखाच्या वर, वर मेस वेगळी. मुलीला सीईटीत ९७ पर्सेंटाइल आलेत, ओबीसी. शासकीय सोडून दुसरा विचार करणं आम्हाला परवडत नाही. तुमच्या भाच्याला मिळालं ते तरी कॉम्प्युटरच ना? रडताय कशाला?

व्हीजेटीआय_थर्ड_इयर
काका, मुलगी आहे म्हणता आणि फीचं रडता? २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशफेऱ्यांतून, घेतलेल्या खासगी सीटलासुद्धा! मॅनेजमेंट कोटा आणि अभिमत विद्यापीठं सोडून. तेव्हा तुमच्यासाठी फरक फीचा नाही, राहण्या-खाण्याचा आहे.

लातूरचा बाप
कागदावर माफ. माझ्या पुतणीला क्लार्क म्हणाला, "आधी भरा, सरकारकडून आले की देऊ." सहा महिने चपला झिजवल्या. मग भावानं सोसायटीचं कर्ज काढलं.

मेकॅनिकल_९८
सगळ्यांना कॉम्प्युटरच पाहिजे, हाच खरा रोग आहे. आमच्या वेळी कऱ्हाडला मेकॅनिकल मिळालं तर गावात बॅनर लागायचा. आता तीच सीट घ्यायला मुलं नाक मुरडतात. उद्या पंपाचं सील गेलं की पायथननं बसवणार का?

सांगलीचा मामा
प्रश्न कॉम्प्युटर कुठं घ्यायचं हा आहे. पंप नंतर पाहू.

तासिका_तत्त्वावर
कुठं घ्यायचं हे ठरवताना एकानं तरी विचारलं का, की शिकवणार कोण? कायमच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आणि वर्ग आमच्यासारख्यांच्या जिवावर. मी सहा वर्षं एका सरकारी कॉलेजात डेटा स्ट्रक्चर्स आणि ऑपरेटिंग सिस्टिम शिकवतोय. पगार तासावर. मे महिन्यात तास नाही, म्हणजे पैसे नाहीत. गेल्या वर्षी जुलैचं बिल मार्चला निघालं. एम.टेक. झालोय, नेट झालोय, संध्याकाळी दहावीच्या गणिताचे क्लास घेतो. वर तुम्ही म्हणता शासकीय म्हणजे सोनं.

व्हीजेटीआय_थर्ड_इयर
सर, राग मानू नका, पण कॉम्प्युटरला शिक्षक लागतातच कुठे? मी डेटा स्ट्रक्चर्स हॉस्टेलच्या गॅलरीत सीनियरकडून शिकले. एनपीटीईएलवर आयआयटीची लेक्चर्स फुकट आहेत. कॉलेज घ्यायचं ते आजूबाजूच्या मुलांसाठी. जुनी इमारत बघायला कोण येतं?

तासिका_तत्त्वावर
वा! मग मी घरीच बसतो. गॅलरीतला सीनियर तुमचे जर्नल तपासेल, लॅबमधली चाळीस मशीनं चालू ठेवेल, आणि धुळ्याच्या ज्या मुलाला पहिल्या सेमिस्टरला इंग्रजीतला एररच वाचता येत नाही, त्याच्याजवळ खाली बसून समजावेल. तुम्ही ९९ च्या वर होतात, म्हणून तुम्हाला गॅलरी पुरली. तो मुलगा तिसऱ्या आठवड्यात मला म्हणाला, "सर, मला सिव्हिलला बदलून मिळेल का?" आज तो नोकरीत पहिल्या महिन्यात माझ्या वार्षिक कमाईच्या निम्मं कमावतो. पेढे आणले होते त्यानं. मी खाल्ले, काय करणार.

मेकॅनिकल_९८
सिव्हिलला बदलला असता तरी काही वाईट झालं नसतं, एवढंच म्हणतो.

लातूरचा बाप
तुम्ही जरा थांबा हो!

सीओईपी_माजी
आम्ही शिकलो तेव्हा जागा भरलेल्या होत्या, तरी अर्धे प्राध्यापक पिवळ्या पडलेल्या नोट्स वाचायचे. कायम नोकरी म्हणजे चांगलं शिकवणं, हा समज सोडा. बाकी आमच्या कॉलेजला १८५४ पासूनची परंपरा आहे, विश्वेश्वरय्या...

तासिका_तत्त्वावर
विश्वेश्वरय्या पुण्यात शिकले म्हणून तुमच्या पोराला रिकर्शन आपोआप येणार आहे का? परंपरा सांगायला सगळे पुढे, पदभरतीच्या मोर्चाला आम्ही अकरा जण होतो.

व्हीजेटीआय_थर्ड_इयर
बरं, सर. माझं वाक्य जरा जास्तच झालं. आमच्या सीनियरलाही कुणीतरी शिकवलंच असणार. पण एनपीटीईएलबद्दल मी ठाम आहे.

तासिका_तत्त्वावर
उपकार झाले. एनपीटीईएलचे पहिले चार आठवडे मीच मुलांना लावून देतो.

सांगलीचा मामा
मी फॉर्मच्या क्रमावर बोलत होतो, आठवतंय का कुणाला? लातूरकर, तुमचं तूर-नोटांचं म्हणणं पटलं. पण मुलीच्या फॉर्मवर काय आहे ते तरी सांगा.

लातूरचा बाप
एक नंबरला लोणेरे कॉम्प्युटर, दोनला नांदेड आयटी. कॅफेवाला म्हणाला, आयटी म्हणजे कॉम्प्युटरपेक्षा खालचं.

व्हीजेटीआय_थर्ड_इयर
काका, विषय जवळपास तेच असतात. कंपन्याही मुलाखतींना सहसा दोन्ही ब्रँचना एकत्रच बसवतात. तुमच्या मुलीला स्वतःला कुठं जायचंय?

लातूरचा बाप
नांदेड. तिची मावशी आहे तिथं. लोणेऱ्याला पोचायला रात्रभर गाडी.

तासिका_तत्त्वावर
मग नांदेड वर घ्या. त्याच्याही वर नांदेडचंच कॉम्प्युटर टाका, मिळो न मिळो. आणि फॉर्म कॅफेत नाही, घरी मुलीला भरू द्या. कन्फर्म करायच्या आधी प्रिंट काढून कॉलेज-ब्रँचचा एकेक कोड नंबर बोट ठेवून वाचा. गेल्या वर्षी आमच्याकडं एक मुलगी कोडचा एक आकडा चुकल्यामुळं आली होती.

मेकॅनिकल_९८
मेकॅनिकलला का?

तासिका_तत्त्वावर
हो. आता बोला.