मदत हवी आहे : डिस्क लाँचरचा दुसरा फेक नेहमी तोकडा पडतो

नमस्कार मंडळी. ज्युनिअर मुलांच्या सरावासाठी २०१७ च्या टोकियो रोबोकॉनची (रोबोट स्पर्धा), म्हणजे रोबोटने डिस्क फेकून स्पॉटवर (गोल टेबलावर) टेकवायची थीम घेतली आहे. लाँचर साधाच: एका बाजूला रबर लावलेलं फिरतं चाक, समोर स्थिर पट्टी, डिस्क दोघांमध्ये घासत, गिरकी घेत सुटते. पहिली डिस्क झकास जाते. लगेच दुसरी सोडली की हातभर अलीकडेच पडते! चार-पाच सेकंद थांबलो तर ठीक, पण मॅचमध्ये थांबणार कोण? बॅटरी बदलून पाहिली, फरक नाही. चाकाचा वेग उतरतोय हे नक्की. मग चाक जड करू की एन्कोडर (चाकाचा वेग मोजणारा सेन्सर) लावून पीआयडी (वेग उतरला की मोटरचा जोर आपोआप वाढवणारं नियंत्रण)? जड चाकाने मोटर तापेल का? शिवाय पट्टीवर कोणी फोम चिकटवलाय का?