राजगड ते तोरणा : मे महिन्यातील एका दिवसाचे नियोजन

रानवाट : मे महिन्यात आम्ही चौघे पाठीवर सॅक घेऊन राजगडाहून डोंगरधारेने तोरण्याला जाऊन त्याच्या पायथ्याच्या वेल्ह्यात उतरणार आहोत. ही वाट हिवाळ्यात केलेली आहे, परंतु उन्हाळ्यात सोबत किती पाणी घ्यावे आणि निघण्याची वेळ कोणती ठेवावी, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

घाटमाथा : राजगडावर मुक्कामाला परवानगी आहे का, याची चौकशी आधी करावी. ती मिळाल्यास पद्मावती माचीवरून पावणेपाचच्या सुमारास निघावे, म्हणजे संजीवनी माचीवरची चाल गारव्यात होते आणि फटफटताना आपण आळू दरवाजापाशी असतो. त्याच्या खालचा उतार उजेडातच उतरावा, कारण तिथे मुरमावर वाळके गवत आडवे पडलेले असते आणि त्यावरून पाय सटकला की सॅकच्या वजनाने तोल सावरत नाही.

पुढे धार ओलांडणारा डांबरी रस्ता लागतो. तिथे साडेआठपर्यंत पोहोचला नाहीत, तर तोरण्याची चढण लगेच सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बुधला माचीकडे जाणाऱ्या शेवटच्या टप्प्यावर सावली जवळजवळ नाही, आणि अकराच्या पुढे तिथला कातळ इतका तापतो की आधारासाठी टेकवलेला हात लगेच उचलावा लागतो. अशा वेळी रस्त्यालगतच्या झाडीत चार वाजेपर्यंत थांबावे.

करवंद : मे महिन्यात धारेवर पाण्याचा भरवसा धरू नये. सुट्टीच्या दिवशी कोणी ताक किंवा सरबत घेऊन बसलेले भेटते, पण त्यावर नियोजन बेतू नये. राजगडावरूनच माणशी पाच लिटर पाणी भरून घ्यावे. टाक्यातले पाणी असेल तर गाळून आणि निर्जंतुक करूनच प्यावे. घामावाटे मीठही जात असल्याने नुसते पाणी पीत राहणे पुरेसे नाही. ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या प्रमाणातच पाण्यात मिसळावी. सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा त्याचा झोक जाऊ लागला, तर तो उष्माघात समजावा. त्याला ताबडतोब सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि मदत मागवावी. त्या क्षणी पिण्याचे पाणी वाचवण्याचा विचार करू नये.

सह्यधार : घाटमाथा यांच्या वेळापत्रकाशी मी सहमत आहे, मात्र चार वाजता चढाई सुरू करण्याचा सल्ला मला सरसकट पटत नाही. मे महिन्यात वळवाचे ढग बहुधा दुपारनंतरच जमतात, आणि विजा चमकत असताना उघड्या धारेवर किंवा लोखंडी शिडी-कठड्यांजवळ असणे उन्हाइतकेच जिवावर बेतू शकते. शिवाय चारला निघाल्यास वेल्ह्याकडची खडी उतरण अंधारात करावी लागेल. तेव्हा रस्ता गाठायला उशीर झाला, तर त्या दिवशी तोरणा सोडून द्यावा आणि रस्त्यानेच वेल्ह्याकडे उतरावे.

घाटमाथा : विजेचा मुद्दा रास्त आहे. तोरण्यावर मुक्काम करणार नसाल आणि आभाळ पूर्ण निरभ्र नसेल, तर चारला चढू नये, अशी दुरुस्ती मी माझ्या सल्ल्यात करतो.

रानवाट : सर्वांचे मनापासून आभार. साडेआठची मर्यादा आम्ही पक्की ठरवली आहे आणि ती चुकल्यास वेल्ह्याकडे उतरण्यास चौघांचीही संमती आहे. राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यात मुक्कामाची चौकशी करून तारीख ठरवतो.