झपाटलेल्या जागांवरची आमची डॉक्युमेंटरी: तुमचेही अनुभव लिहा

यंदा उन्हाळ्यात आम्ही तिघांनी मिळून झपाटलेल्या जागांवर 22 मिनिटांची डॉक्युमेंटरी केली. बजेट 35 हजार, त्यातले निम्मे डिझेल आणि मिसळीत गेले. जुना डीएसएलआर, उसना रेकॉर्डर, आणि ओळखीच्या मंडपवाल्याकडून आणलेले दोन एलईडी दिवे. भूत काही भेटलं नाही, किस्से मात्र भरपूर जमले.

सुरुवात शनिवारवाड्यापासून, कारण तिघंही पुण्याचे. 30 ऑगस्ट 1773 ला गारद्यांनी नारायणरावांना मारलं आणि तेव्हापासून पौर्णिमेला (काही म्हणतात अमावस्येला) "काका मला वाचवा" ऐकू येतं हे लहानपणापासून ऐकलेलं. पण वाडा पुरातत्त्व खात्याचा, रात्री आत सोडत नाहीत, आणि रीतसर शूटिंगची परवानगी काढायची तर आमच्या खिशात तेवढं बळ नव्हतं. मग दिल्ली दरवाज्यासमोर रस्त्यावर माइक धरून रात्री एकपर्यंत उभे राहिलो. मिळालं काय, तर रिक्षा, कुत्री, आणि एक तर्र झालेले गृहस्थ, जे आमचा माइक बघून स्वतःच "काका मला वाचवा" ओरडून गेले. तोच आमचा सगळ्यात भारी साउंड बाइट. बरं आत तरी आहे काय, 1828 च्या आगीत वरचे मजले जळून गेले, उरली जोती आणि कारंज्यांचे हौद, आवाज घुमायला भिंती तरी कुठायत.

तुमच्यापैकी कुणी असलं शूट केलं असेल तर लिहा. तुमच्याकडे येऊन कुणी करून गेलं असेल तर तेही.

*

आम्ही कॉलेजात असताना भानगढला गेलेलो, राजस्थानात, अलवर जिल्ह्यात. तिथला तो सूर्यास्तानंतर प्रवेश बंदचा बोर्ड व्हिडिओत असा दाखवतात की जणू सरकारने सहीशिक्क्यानिशी भूत मान्य केलंय. अहो, 1959 च्या नियमांत संरक्षित स्मारकं साधारण सूर्योदय ते सूर्यास्तच उघडी ठेवायची असंच आहे, कार्ल्याची लेणीपण संध्याकाळी बंद होतात, तिथे कुणी भुताचं नाव काढत नाही. आम्ही भर दुपारी शूट केलं आणि एडिटमध्ये निळं करून रात्र केली. सावल्या तेवढ्या राहून गेल्या. माझ्या मामांनी बघून एवढंच विचारलं, चंद्र इतका कडक कसा रे पडलाय? वर माकडांनी लेन्सची टोपी पळवली ती वेगळीच.

*

मी साउंड करते, त्यामुळे या लोकांबरोबर बऱ्याचदा जाते. ते हवेत तरंगणारे पांढरे गोळे म्हणजे लेन्सच्या अगदी जवळून जाणारी धूळ किंवा किडे, दिवा कॅमेऱ्याला चिकटून असला की हमखास दिसतात. आणि भूत शोधायला म्हणून हातात धरतात तो लाल दिवे लागणारा चुंबकीय क्षेत्राचा मीटर खिशातल्या मोबाइलनेपण लागतो, सांगून दमले.

एक गोष्ट मात्र खरंच इंटरेस्टिंग आहे. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला विक टँडी म्हणून एक इंजिनियर होते, त्यांना लॅबमध्ये दडपल्यासारखं व्हायचं, कडेला राखाडी काहीतरी दिसायचं. शोधलं तर नव्या पंख्यामुळे साधारण 19 हर्ट्झचा आवाज खोलीत घुमत होता, जो कानाला ऐकू येत नाही. 1998 मध्ये त्यांनी त्यावर पेपर लिहिला. नंतर सगळ्यांनाच ते पटलं असं नाही. हे मी आमच्या डायरेक्टरला सांगितलं तर म्हणतो, मस्त, आपल्या फिल्मखाली हेच टाकू. टाकलं, चार तास बसून. मग फिल्म सगळ्यांनी मोबाइलवर बघितली, ज्याच्या स्पीकरमधून 19 हर्ट्झ बाहेरच पडत नाही.

*

आमचं गाव सावंतवाडीच्या बाजूचं. दोन वर्षांपूर्वी मुंबईची चार पोरं आलेली, वेताळाच्या देवळापाशी शूट करायला. व्हिडिओत सरळ "या गावात भूत फिरतं" म्हणून टाकलं. वेताळ आमचा देव आहे ओ, राखणदार. त्याला चामड्याच्या नव्या वहाणा वाहतात, रात्री गावाच्या सीमेवरून फिरून फिरून झिजतात म्हणून. त्या वहाणांवर यांनी कॅमेरा हळूहळू नेत मागे बाईच्या किंकाळ्या लावल्या. कशाला? आजीला मोबाइलवर दाखवलं तर म्हणाली, "मेल्यांनो, तो फिरता म्हणान तुमका झोप लागता." हे वाक्य घेतलं असतं तर फिल्म तरली असती. पण आजीला कुणी विचारलंच नाही, पुजाऱ्याला तेवढे 200 रुपये देऊन गेले.

*

माझं जरा वेगळं आहे. आत्याचं रत्नागिरीजवळ कौलारू घर, काका गेल्यावर बंद असतं, ती डोंबिवलीला मुलाकडे. कुणीतरी गडगा ओलांडून रात्री शूट केलं, माळ्यावरचा खुडखुड आवाज घेतला आणि "सुनेने जीव दिलेला वाडा" असं नाव देऊन टाकलं. आत्याला सून आहे, ती बँकेत नोकरी करते, धडधाकट आहे! आवाज उदमांजराचा, ते आमच्या लहानपणापासून तिथे राहतंय, कौलांवर भेरल्या माडाच्या बियांची घाण करून ठेवतं. पण तेव्हापासून शनिवार-रविवार बाइकवाले येतात, पायरीवर लिंबं आणि फुटके नारळ पडलेले असतात. घर विकायचंय, गिऱ्हाईक येतं, शेजाऱ्यांकडे चहा पिताना हे ऐकतं आणि परत फोन करत नाही.

मे महिन्यात मी आणि आत्या गेलो तर तीन पोरं अंगणात ट्रायपॉड लावून बसलेली. आत्या 74 वर्षांची, कंबरेला पट्टा. म्हणाली, या, माळ्यावर कोण राहतं दाखवते, शिडी धरा. एकही चढला नाही. मग तिने त्यांच्याकडून पायरी झाडून घेतली.

*

वरचं वाचून आमचीच फिल्म परत लावली. चौदाव्या मिनिटाला राजापूरकडचं एक बंद घर आहे. आम्ही शेजाऱ्यांना विचारून शूट केलेलं, मालकाला नाही. शेजाऱ्यांकडून त्यांचा नंबर मागवलाय, तोवर व्हिडिओ ऑनलाइन होता तो उतरवून ठेवलाय.